उजव्या मुठीवरचा आरसा

आमच्या बारामतीच्या दुकानात नवी सायकल घ्यायला येणाऱ्या माणसाला दोन गोष्टी हव्या असतात. सायकलीत कसलीही खोट नको आणि ती कुणी चालवलेलीही नको. ह्या दोन्ही गोष्टी एकदम कशा जमवायच्या, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. सायकल खोक्यातून सुटी येते. हँडल, पुढचं चाक, पायडल, सीट, मडगार्ड असं सगळं आम्ही दुकानात जोडतो. जोडलेली वस्तू चालवल्याशिवाय ती चालते हे कळणार कसं? पण गिऱ्हाईक घरून नारळ, हळदकुंकू, झेंडूची माळ घेऊन आलेलं असतं. मी सायकल काढून रस्त्याला लागले की त्याचा चेहरा उतरतो. कोऱ्हाळे बुद्रुकहून आलेल्या एका बापाने तर मला तोंडावर सांगितलं, "वहिनी, पोरीची सायकल उष्टी करू नका."

मी म्हटलं, "भाजीतलं मीठ वाढायच्या आधी बघत नाही का घरात?"

"नैवेद्याचं न्हाय बघत," तो म्हणाला.

तरी मी सायकल घेऊन गेलेच, आणि पुढचा ब्रेक रिमला एका बाजूने घासतोय हे शोधून परत आले. ब्रेक नीट करून दिला. तो बाप खूश झाला नाही. सायकल उष्टी झाली ती झालीच, असं तोंड करून त्याने नारळ फोडला.

तेव्हापासून मी एक तोड काढली. सीटवरचं आणि नळ्यांवरचं प्लास्टिक काढायच्या आतच चाचणी घ्यायची. प्लास्टिक जागेवर आहे तोवर सायकल कोरी, असं आमच्याकडे सगळ्यांनाच मान्य आहे. कित्येकजण ते वर्षानुवर्षं काढत नाहीत, उन्हाने पिवळं पडून चिंध्या झाल्या तरी. माझ्या वाट्याला मात्र त्या गुळगुळीत सीटवरून घसरणं आलं. नव्या सायकलवर मी कधीच आरामात बसलेली नाही.

हे काम खरं तर नवऱ्याचं. पण त्याच्या मणक्यात गॅप निघाली आणि डॉक्टरने सायकलवर बसायला बंदी घातली. सायकली विकून पोट भरणाऱ्याने सायकलला पाय लावायचा नाही, म्हणजे हलवायाला मधुमेह व्हावा तसं झालं. मी म्हटलं, मी बघते. माझं माहेर इंदापूर तालुक्यातलं. तिथे शाळा लांब होती आणि घरात वडलांची एकच उंच काळी सायकल होती. नळीच्या मधून पाय घालून, तिरकी होऊन, अर्धं पायडल मारत मी ती चालवायला शिकले. तशा सायकलवर शिकलेल्या बाईला कुठलीही सायकल अवघड वाटत नाही.

माझा रस्ता ठरलेला आहे. दुकानातून निघून कालव्याच्या भरावावर जायचं. तिथे थोडा डांबरी रस्ता आहे, मग खडी उखडलेला भाग, मग एक उतार. डांबरीवर मी हात सैल सोडून बघते, सायकल सरळ जाते की एका अंगाला ओढते. खडीवर मी फक्त ऐकते. चांगली सायकल बोलत नाही. मडगार्डचा नट सैल असला तर तो टिकटिकतो, चेनकव्हर वाकलं असलं तर दर फेऱ्याला खसकन घासतं, हँडलच्या मानेतल्या बेअरिंगच्या गोळ्या कोरड्या असल्या तर करकर येते. उतारावर ब्रेक. गियरच्या सायकली असतील तर कालवा सोडून इंदापूर रोडला जाते, कारण त्या घेणारे लोक लांब जातात आणि लांब गेल्यावर फोन करून तक्रार करतात. एकंदर माझं काम निम्म्याहून जास्त कानाचं आहे. हे सांगून ठेवते, कारण पुढची सगळी गोष्ट कानाचीच आहे.

माझे सासरे, आबा. आमची वस्ती कन्हेरीच्या शिवारात आहे. दुकान बारामतीत असलं तरी आम्ही राहतो तिथेच. ह्या घरात पूर्वी मेंढरं होती. आबा लहानपणी वडलांच्या मागे कळप घेऊन कोकणात उतरलेले आहेत. मेंढरं केव्हाच गेली, आता ऊस आहे, पण आबांची चाल आणि काठी धरायची पद्धत तीच राहिली. वस्तीवरून गावातल्या चहाच्या टपरीवर, तिथून रानात, रानातून परत, असा त्यांचा रोजचा फेरा. तो ते सायकलवरून करत.

त्यांची जुनी सायकल गंजून गेली तेव्हा मी दुकानातली नवी काढून दिली. साधीच, एका नळीची, मजबूत कॅरियरची. सगळ्या गिऱ्हाइकांत आबा एकटेच असे निघाले, की मी चालवायच्या आधी ते सायकलला हात लावायला तयार नव्हते. "आधी तू बसून ये," ते म्हणाले. "तू बसून बगितलंस की माझं झालं." मी कालव्यावरून फेरी मारून आले, ठीक आहे म्हटलं आणि त्यांनी टांग टाकली. त्या दिवशी मला जेवढं बरं वाटलं तेवढं आमच्या लग्नातही वाटलं नव्हतं.

आबांना ऐकू कमी येतं हे घरात सगळ्यांना माहीत होतं, फक्त आबांना मान्य नव्हतं. "हल्लीची माणसं पुटपुटत्यात," असं त्यांचं म्हणणं. समोरासमोर बसून बोललं, ओठ दिसले, की त्यांना बरंचसं कळायचं. पाठमोरं असताना काहीच नाही. नवऱ्याने कानाचं मशीन आणलं. ते त्यांनी थोडे दिवस लावलं आणि देवघरातल्या डबीत ठेवून दिलं. सायकलवर बसलं की त्यात वारा शिरतो आणि कानात विहिरीची मोटर चालू होते, अशी त्यांची तक्रार होती. मला ती खोटी वाटली नाही.

मग साखर कारखाना सुरू झाला आणि रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या आल्या. आमच्याकडे ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात, ऊस दोन्ही अंगांनी बाहेर आलेला, टपावर मोठे स्पीकर. गाणी एवढी मोठ्याने, की ड्रायव्हरलाही दुसरं काही ऐकू येत नाही. असाच एक ड्रायव्हर एक दिवस दुकानासमोर ट्रॅक्टर थांबवून खाली उतरला. ओळखीचाच होता. नवऱ्याला म्हणाला, "दादा, आबांचं काईतरी बघा. हॉर्न मारून मारून दमलो, बाजूलाच होईनात. आज वाचले. मागं भरलेल्या दोन ट्रॉल्या, मी ब्रेक दाबणार किती?"

त्या संध्याकाळी नवऱ्याने सांगून टाकलं, की आबांची सायकल उद्यापासून बंद. आबा जेवत होते. त्यांनी ताटातली भाकरी संपवली, हात धुतला आणि म्हणाले, "मी काय जनावर हाय व्हय, दावणीला बांधायला?" दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीच्या वेळेला सायकल काढून निघाले. नवरा दारात उभा राहून बघत राहिला. बापाला हाताला धरून खाली उतरवायचं त्याच्याने होईना.

मला दोघांचाही राग आला. म्हाताऱ्याचा हट्ट आणि ह्याचा हुकूम, मधे मी. मी नवऱ्याला म्हटलं, "ऐकू येत नाही तर दिसेल असं काहीतरी लावू. आरसा लावून बघू."

तो म्हणाला, "तू बघ. तू पास केलंस तर चालवू दे. नाही केलंस तर तूच त्यांना सांगायचं."

म्हणजे सायकल राहणार की जाणार, हे माझ्या गळ्यात पडलं. पास करायचं तर खरोखर पास करायला हवं. मी आजवर एकही वाईट सायकल दुकानातून बाहेर जाऊ दिलेली नाही, आणि ही तर आबांच्या जिवाची गोष्ट होती.

आरशांची कमी नव्हती. पुण्याहून माल पुरवणारा माणूस अधूनमधून नव्या वस्तूंचा एक पुडा आणून टाकतो. वापरून बघा, चालल्या तर मागवा, असं म्हणतो. त्यात नाना प्रकार असतात. मोबाइल अडकवायचा चिमटा, गार वाटणारं सीट कव्हर, पोलिसांसारखा ओरडणारा हॉर्न, आणि आरसे. पहिला आरसा गोल, वाटीएवढा, मुठीच्या टोकात खुपसायचा. डांबरीवर तो छान दिसला. खडीवर गेले आणि तो आपोआप खाली वळला. आबांनी बघितला असता तर त्यात त्यांना स्वतःच्या धोतराचा सोगा दिसला असता. दुसरा हेल्मेटवर लावायचा होता. आबांच्या डोक्यावर टोपी. मी तरी तो त्यांच्या टोपीला पिनेने अडकवून पाहिला. त्यांनी तो उतरवून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "पोरी, मी काय बैल हाय, पोळ्याला सजवाया?"

तिसरा आरसा चांगला निघाला. लांबट, तळहाताएवढा, जाड दांडीचा, हँडलला उजव्या मुठीजवळ पट्टीने आवळायचा. खडीवर थरथरला पण वळला नाही. थोडा फुगीर असल्यामुळे मागचा रस्ता पुष्कळ दिसायचा. त्यात एक खोड होती, मागची गाडी असते त्याहून लांब वाटायची. मी आबांना समोर बसवून, ओठ दिसतील असं, सावकाश सांगितलं, "आरशात गाडी दिसली की ती जवळ आलीच असं समजायचं. बारकी दिसली तरी जवळ. लगेच डाव्या अंगाला खाली उतरायचं." त्यांनी मान डोलावली.

पहिले दोन आरसे मी बाद केले होते. तिसरा आबांनी फोडला. ते सायकल नेहमी उजव्या बाजूने बाभळीला टेकवायचे. चहा पिऊन आले तर काच खाली. पुड्यात तसाच आणखी एक होता तो लावला आणि त्यांच्याशी भांडून सायकल स्टँडवर उभी करायची सवय लावली. ह्यात बरेच दिवस गेले.

मग आमची तालीम सुरू झाली. सकाळी आबा पुढे, मागे मी, दुकानातली जी कुठली सायकल तपासायची असेल ती घेऊन. एका दगडात माझी दोन कामं व्हायची. मी मागून हात वर करायचा आणि आबांनी आरशात बघून आपला हात वर करायचा, असं ठरलं होतं. पहिल्या दिवशी मी हात करून करून दमले, त्यांचा हात वर आला नाही. समोर बघायचं की आरशात, हे त्यांना जमत नव्हतं. हळूहळू जमलं. मी हात केला की त्यांचा हात वर. मला वाटलं, झालं.

पण एक दिवस त्यांचा हात माझ्या हिशेबाबाहेर वर जायला लागला. मी काहीच केलेलं नसायचं आणि आबा हात करायचे. एकदा तर थांबलेच. मला चीड आली. मी जवळ जाऊन, समोर उभं राहून म्हटलं, "आबा, मी हात केलाच नव्हता."

"तू न्हाय," ते म्हणाले. "ती बग मागली."

मी वळून बघितलं. गावातली भाजी विकणारी बाई पाटी डोक्यावर घेऊन येत होती आणि हसत हात हलवत होती. तिच्या तोंडावरून ती काहीतरी ओरडतही होती. आम्हाला गाठल्यावर ती म्हणाली, "आज बरं थांबले आबा. रोज हाक मारती मी. ह्यांचं आपलं चाललंय पुढं पुढं."

ती गेल्यावर आबा बराच वेळ सायकलला पाय लावेनात. मग मला विचारलं, "रोज हाक मारती म्हणाली का ती?"

मी हो म्हटलं.

"आन् बाकीचे?"

आमच्याकडे रस्त्याने जाणाऱ्या ओळखीच्या माणसाला हाक मारल्याशिवाय कुणी सोडत नाही. काय आबा, निघाला का, काय म्हणतंय रान, एवढंच. उत्तर आलं की माणूस समाधानाने आपल्या वाटेला लागतो. उत्तर आलं नाही तर तो एकदा गप्प राहतो, दोनदा गप्प राहतो, मग हाक मारणं सोडतो. आबांना कितीजणांनी सोडलं होतं कोण जाणे. मला त्या वेळी फार वाईट वाटलं. आम्ही घरात बसून ट्रॉल्यांचा विचार करत होतो, आणि ह्या माणसाच्या पाठीमागे केवढं काय काय हरवत चाललं होतं.

एकजण तर मला लगेच आठवला. आमच्या बांधाला बांध लागलेले तात्या. आबांच्याच वयाचे. दोघांनी कालव्याच्या एकाच पाण्याच्या पाळीवर जन्म काढला, रात्रपाळीचं पाणी असलं की एकमेकांच्या रानात पाण्याला दारं धरायचे. टपरीवर दोघांचा चहा एकत्र. दिवाळीपासून तात्या टपरीवर येईनासे झाले होते. बांधावर समोर आले तरी मान खाली. आबा म्हणायचे, "पाळीवरनं काय मनात धरलंय का कुणास ठाऊक." पण विचारायला ते गेले नाहीत आणि तात्याही आले नाहीत. म्हाताऱ्यांचं रुसणं लहान मुलांपेक्षा वाईट, त्यांना समजवायला कुणी मोठं नसतं.

शेवटची चाचणी मोठ्या रस्त्यावर घ्यायची होती. नवऱ्याने ती स्वतः ठरवली. आबा पुढे, मधे बरंच अंतर ठेवून मी, आणि माझ्या मागून नवरा दुकानाची पिकअप घेऊन येणार. हॉर्न वाजवायचा नाही. आबांनी आरशात पिकअप बघून आपणहून डाव्या अंगाला उतरायचं. उतरले तर पास. आबांना हे सांगितलं होतं. ते म्हणाले, "आता परीक्षा द्यायचं वय ऱ्हायलं व्हय माझं?" पण धुतलेली टोपी घातली आणि टॉवेल कॅरियरला अडकवला.

सकाळची वेळ, रस्त्याला ट्रॉल्यांची ये-जा होती. दोन ट्रॉल्या मागून आल्या आणि दोन्ही वेळा आबा वेळेवर खाली उतरले, त्या पुढे गेल्यावर पुन्हा बसले. मी मनातल्या मनात त्यांना शंभर गुण देऊन टाकले. मला इतका आनंद झाला होता की माझ्याच सायकलच्या चेनकव्हरची खसखस मी ऐकूनही सोडून दिली.

पुढे रस्त्याच्या कडेला तात्या होते. मोपेडच्या मागे गुरांना घालायच्या उसाच्या वाढ्याचा भारा बांधत होते. आबांना ते दिसले असणारच, पण आबा मान सरळ ठेवून पुढे गेले. तात्यांनीही वर बघितलं नाही. एवढ्यात आबांच्या कॅरियरवरचा टॉवेल घसरून रस्त्यावर पडला. तात्यांनी टॉवेलकडे बघितलं. मग आबांच्या पाठीकडे बघितलं. क्षणभर ते तसेच उभे राहिले, हे मी पाहिलं. मग त्यांनी पुढे होऊन टॉवेल उचलला आणि हात उंच करून हाक मारली, "आबा, ए आबा, टावेल!"

हाक आबांना ऐकू जायचा प्रश्नच नव्हता. पण त्यांची मान किंचित उजवीकडे, आरशाकडे झुकली. पुढच्या क्षणाला त्यांनी हँडल गर्रकन फिरवलं आणि सायकल रस्त्याच्या मधोमध आडवी घातली, तात्यांकडे परत यायला.

मी ओरडले. कुणासाठी ओरडले ते देव जाणे. माझ्या बाजूने पिकअप निघून गेली, ब्रेकचा आवाज आला, मागची रिकामी खोकी धडाधड एकमेकांवर आदळली. पिकअप आबांच्या अगदी अलीकडे थांबली. आबांनी तिच्याकडे बघितलंही नाही. ते पिकअपच्या तोंडावरून सायकल काढून घेऊन कडेने तात्यांपाशी आले आणि उतरले.

मी पोचले तेव्हा तात्या टॉवेल पुढे करून म्हणत होते, "आज बरं ऐकू आलं?"

आबा त्यांच्या तोंडाकडे बघत होते. "ऐकू न्हाय आलं," ते म्हणाले. "दिसलास." आणि त्यांनी आरशावर बोट ठेवलं.

तात्यांना काही उमगलं नाही.

"मला ऐकू येत न्हाय रं," आबा म्हणाले. "मागनं तर काईच न्हाय येत."

हे वाक्य आम्ही घरात आजवर कधी ऐकलं नव्हतं. नवरा पिकअपचं दार उघडून रागाने खाली उतरत होता, तो दाराला धरून तसाच थांबला.

तात्या म्हणाले, "म्हंजे दिवाळीच्या आदी, मोपेड बंद पडली तवा... हितंच, ह्याच वळणाला. मंडळी मागं बसलेली, तापानं फणफणलेली. तुला किती हाका मारल्या मी. तू पायडल मारत गेलास निघून."

"वैनी?" आबांनी विचारलं.

"बऱ्या हायत्या. एका पिकअपवाल्यानं नेलं दवाखान्यात."

"मी म्हणलं तू पाळीवरनं नाराज झालास."

"पाळी कसली," तात्या म्हणाले. "मला वाटलं, आबाला आता उसाचा माज आला."

दोघंही हसले नाहीत. आबांनी टॉवेल घेतला, तोंड पुसलं आणि तो तोंडावर जरा जास्तच वेळ धरला. मग तात्या म्हणाले, "चल, च्या पिऊ." दोघं टपरीच्या दिशेने चालत निघाले, सायकल आणि मोपेड तिथेच टाकून. त्या दोन्ही वस्तू शेवटी मी आणि नवऱ्याने पिकअपमध्ये घातल्या. तो मला एवढंच म्हणाला, "पिकअप रिकामी होती म्हणून थांबली."

संध्याकाळपर्यंत मी आबांच्या बाजूने पुष्कळ कारणं शोधली. ट्रॉल्यांना ते नीट उतरले होते. तात्या रोज काही टॉवेल उचलणार नव्हते. पुन्हा समजावून सांगितलं तर ते असं करणार नाहीत. पण मला माझ्याशी खोटं बोलता येईना. आरशात आबांना गाडी दिसत होती, माणूस दिसेपर्यंत. माणूस दिसला की गाडी दिसायची बंद होत होती. आणि आता माणसं रोज दिसणार होती, रोज हात करणार होती. जेवढी जास्त माणसं हाक मारतील तेवढं आबांचं मरण जवळ. असली सायकल मी दुसऱ्या कुणालाही दिली नसती.

जेवणं झाल्यावर मी त्यांच्यासमोर बसले. नवरा आत निघून गेला, त्याला ते बघवणार नव्हतं. मी म्हटलं, "आबा, आरसा पास. सायकल न्हाय." त्यांना ओठ दिसावेत म्हणून मला मान वर ठेवावी लागली, नाहीतर मी खाली बघूनच बोलले असते. बोलताना माझे डोळे भरून आले, ते त्यांना दिसले.

मला वाटलं होतं, ते चिडतील, दावणीचं काहीतरी बोलतील. पण ते म्हणाले, "तू बसून बगितलंस ना?"

"बघितलं."

"मग झालं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच सायकल धुतली, चेनला तेल दिलं आणि पडवीत भिंतीला लावली. नवरा म्हणाला, कुणाला तरी देऊन टाकू. आबा म्हणाले, "कोण घेतंय? उष्टी हाय." आम्ही तिघंही हसलो. बऱ्याच दिवसांनी घरात हसणं झालं. ती अजून पडवीतच आहे.

पण हँडलवरचा आरसा जागेवर नव्हता. आठवड्यात तो कुठे गेला ते कळलं. आबांनी तो काठीच्या वरच्या टोकाला पट्टीने आवळला होता, वरून सुतळीचे वेढे. आता ते चालत जातात, रस्त्याच्या उजव्या अंगाने, म्हणजे जवळून जाणारी गाडी समोरून येते आणि आरशाशिवायच दिसते. नवऱ्याने ही एक अट घातली आणि ती त्यांनी पाळली. काठी डाव्या हातात धरतात, म्हणजे मागची माणसं दिसतात. गावातली पोरं सुरुवातीला हसली. आता कुणी हसत नाही, उलट लांबून हात करतात. आबा काठी जरा तिरकी करतात, बघतात, थांबतात. वस्तीवरून टपरीवर पोचायला त्यांना आता पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो, आणि त्यातला चालण्यात फार थोडा जातो.

पुण्याच्या पुरवठादाराने मध्यंतरी फोन करून विचारलं, आरसा कसा चालला. मी म्हटलं, चांगला आहे, पाठवा. सायकलला कसा वाटला, म्हणाला. मी सांगितलं, सायकलला ठीक आहे, काठीला फार चांगला आहे. त्याने फोन नीट ऐकू येत नाही असं म्हणून ठेवून दिला.

परवा मी शाळेच्या मुलीसाठी आलेली, तपासायला घरी आणलेली एक सायकल दुकानात नेत होते, सीटवरचं प्लास्टिक तसंच, घसरत घसरत. पुढे आबा एकटे चालले होते. मी घंटी वाजवली नाही. बरीच मागे असतानाच मी हात वर केला. आबांनी मागे वळून न बघता आपला हात वर केला, आणि माझ्यासाठी थांबून राहिले.